सनद वाराणसीची, वकिली पुण्यात

प्रश्न : वाराणसीत वकिली करणाऱ्या मराठी मुलीला पुण्यात नवी सनद घ्यावी लागेल का?

उत्तर : दुसरी सनद मुळात घेताच येत नाही, कारण अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 17 नुसार एका वेळी एकाच राज्याच्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांची नोंद व शिस्त पाहणाऱ्या वैधानिक मंडळाच्या, पटावर नाव ठेवता येते. कलम 30 (ते अमलात यायला 2011 साल उजाडले!) देशभर वकिलीचा हक्क देते, तरीही मुक्काम कायमचा हलणार असेल, तर कलम 18 खाली भारतीय बार कौन्सिलकडे अर्ज करून नाव उत्तर प्रदेशच्या पटावरून महाराष्ट्र-गोव्याच्या पटावर नेता येते. कलमाच्या शब्दांनुसार या बदलीस शुल्क नाही आणि ज्येष्ठताही टिकते. मात्र शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित असल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.