सिव्हिल मिळतंय, आता काय करू?

जून उजाडला की बडोद्यात, अकोट्याला माझ्या समुपदेशनाच्या टेबलासमोर तोच प्रश्न येऊन बसतो. "सर, एसीपीसीच्या प्रवेश यादीत कॉम्प्युटर लागत नाही, सिव्हिल मिळतंय. मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून कॉम्प्युटर घेऊ का?" विचारते आई, बाबा मोबाईलवर कटऑफ दाखवतात, आणि ज्याला चार वर्षं शिकायचंय तो मुलगा खाली मान घालून बसलेला असतो.

नका घेऊ. कर्ज काढून तर मुळीच नका. ज्याला प्रोग्रॅमिंगची खरी ओढ आहे त्याने जावं, माझी हरकत नाही. पण शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून घेतलेली सीट तिसऱ्या सेमिस्टरला गळ्याशी येते, हे मी दरवर्षी बघतो. मेडिकल, सीए, कॅनडा यांवर नातेवाईक पुरेसं बोलतात. मी आज एका वेगळ्याच कामाबद्दल सांगणार आहे: खाणीच्या जमिनीवर पाण्याला पुन्हा वाट करून देण्याचं काम.

पाण्याची वाट चुकली की काय होतं, ते ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीच्या पुराने आपल्याला बडोद्यात दाखवलं. खाणीत ती वाट मुळातच पुसलेली असते. बडोद्याहून फार लांब नाही, झगडिया तालुक्यात राजपारडीला लिग्नाइटची खाण आहे. छोटाउदेपूरकडे कडीपाणीला फ्लोरस्पारची. उघड्या खाणीत खनिजापर्यंत पोचायला वरची माती, मुरूम, खडक काढून बाजूला टाकतात. त्याला तिथे ओबी, म्हणजे ओव्हरबर्डन, म्हणतात. फोडलेला खडक मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून खड्डा भरूनही टेकडी उरते. त्या टेकडीवर एकही ओहोळ नसतो.

रूढ उपाय म्हणजे ढिगाऱ्याला सारखे टप्पे पाडायचे, भोवती गारलँड ड्रेन खणायचा आणि पुढे गाळ बसायला तळं करायचं. हे करायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. भराव वर्षानुवर्षं खचत राहतो. कुठे टप्प्याचा उतार उलटा होतो, पाणी तुंबतं, कडा फुटते आणि एका पावसाळ्यात माणूस उभा मावेल एवढी घळ पडते. तो गाळ खालच्या शेतात उतरतो. गोव्यात डिचोली, सांगे भागातल्या शेतकऱ्यांनी हे सोसलं आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ला प्लाटा कोळसा खाणीवर आणि स्पेनमध्ये आल्तो ताहोच्या केओलिन खाणींवर वेगळी रीत वापरली. आधी जवळपासचा, वर्षानुवर्षं टिकलेला नैसर्गिक ओढा मोजायचा. रुंदीला खोली किती, वळणं किती अंतरावर, किती क्षेत्राचं पाणी एका ओहोळात येतं. असा ओढा वर तीव्र आणि खाली सौम्य उतरतो. मग तशीच दरी, तशीच वळणं भरावात घडवायची. सरळ दगडी गटारापेक्षा असा ओढा जास्त टिकतो, कारण पाण्याचा जोर तो सगळ्या वाटेवर वाटून घेतो. मात्र तिथले आकडे इथे उचलून चालणार नाहीत. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो. इथले ओढे इथेच कोणीतरी मोजायला हवेत, आणि ते कोणीतरी तुमचा मुलगा किंवा मुलगी असू शकते.

मागणी आहे का? कोळसा खाणींसाठी 2009 पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी हेक्टरी हिशेबाने पैसे राखून ठेवणं बंधनकारक आहे. 8 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारला खोदलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट घालायला सांगितली. गवत उगवायचं तर आधी माती जागेवर राहिली पाहिजे. खाण कंपन्यांना आणि पर्यावरण अहवाल करणाऱ्या संस्थांना अशी माणसं लागतात.

वाट साधी आहे. एमएसयूत सिव्हिल किंवा भूविज्ञानात बीएस्सी, मग गेट किंवा जॅम ही प्रवेशपरीक्षा. पुढे धनबाद किंवा रुरकीची आयआयटी, किंवा नागपूरचं व्हीएनआयटी. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि पाण्याच्या प्रवाहासाठी हेक-रास ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पहिल्या वर्षापासून शिकावीत.

खोटं सांगणार नाही. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रापेक्षा कमी असेल, जागा मोजक्या असतील, उन्हात उभं राहावं लागेल, चंद्रपूरला किंवा कच्छमध्ये राहावं लागेल. "मुलगी खाणीवर जाणार?" असं मला याच टेबलावर विचारलं गेलंय. हो, जाणार. 2019 पासून रात्रपाळीची आणि भूमिगत खाणीतल्या तांत्रिक कामाची दारंही कायद्याने स्त्रियांना उघडली आहेत. अडवतो तो कायदा नव्हे, आपण. मुलीने प्रश्न पूर्ण करायच्या आत बाबांनी उत्तर दिलं, की मी बाबांना बाहेर बसायला सांगतो. त्यांना राग येतो. येऊ दे.

पहिला चांगला पाऊस झाला की मुलाला घेऊन पावागढच्या पायथ्याशी जा. विश्वामित्री तिथूनच उगम पावते. एखादा छोटा ओहोळ दाखवा: कुठे वळतो, कुठे गाळ टाकतो, कुठे काठ खातो. काही बोलू नका. दहा मिनिटांत मुलाने मोबाईल काढला, तर सिव्हिलला नाही म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण तो वाकून काठीने खोली मोजायला लागला, तर कोट्यासाठी ठेवलेले पैसे बँकेतच राहू द्या.