हाताला दोष देण्याआधी

अगं, चित्रं काढायचा नवा टॅबलेट जोडलास, क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर उघडलंस आणि दोन दिवसांत म्हणायला लागलीस, "ताई, माझा हातच वळत नाही." थांब जरा. कागदावर तुझी रेष किती मोकळी येते ते मी पाहिलंय. लिनक्सवर चित्रं काढायला बसलेली मुलं पहिल्याच आठवड्यात हिरमुसतात, आणि बहुतेक वेळा चूक सेटिंगची असते.

तुझ्या त्या गोलाचंच घे. हात नीट गोल फिरला, पण पडद्यावर तो आडवा पसरला ना? तुझ्या छोट्या वॅकॉम टॅबलेटवर चित्र काढायची जागा आहे 152 बाय 95 मिलिमीटर, म्हणजे प्रमाण 16:10. लॅपटॉपचा पडदा 1920 बाय 1080, म्हणजे 16:9. अख्खा टॅबलेट अख्ख्या पडद्यावर ताणून बसवला की प्रत्येक आकार सुमारे 11 टक्के रुंद होतो. काढलेले चेहरे सुजल्यासारखे दिसतात ते यामुळेच. उबंटूच्या सेटिंग्जमध्ये टॅबलेटचं वेगळं पान आहे, तिथलं 'कीप आस्पेक्ट रेशो' चालू कर. टॅबलेटवरची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी वापराबाहेर जाईल, जाऊ दे. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर टॅबलेट कोणत्या पडद्यासाठी आहे तेही तिथेच ठरव, नाहीतर एवढीशी जागा दोन पडद्यांत वाटली जाते.

मग प्रेशर. तुझा हात हलका आहे, रांगोळीची रेघ ओढल्यासारखा, आणि तो तसाच राहू दे. रेष ठसठशीत यावी म्हणून पेन रेटत बसलीस तर मनगट दुखेल आणि निबही लवकर झिजेल. क्रिटाच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये प्रेशरचा एक आलेख आहे. त्यातली तिरकी रेघ मधोमध धरून थोडी वर उचल, म्हणजे कमी दाबातही रेष भरून येईल. शेजारीच चाचणीची जागा आहे, तिथे ओढून बघ आणि पुन्हा थोडी हलव. यावर एक संध्याकाळ गेली तरी चालेल. खोक्यावर प्रेशरच्या पातळ्या 4096 लिहिल्यात की 8192, याने तुझ्या हाताला काही फरक जाणवणार नाही. हा आलेख मात्र पहिल्या रेषेपासून जाणवतो.

इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत 'एक्ससेटवॅकॉम'च्या आज्ञा टाकायला सांगतात. ती आज्ञा एक्स-11 या जुन्या डिस्प्ले प्रणालीसाठी आहे. आताचं उबंटू बहुधा वेलँडवर चालतं, तिथे तिचा उपयोग नाही. ती चालली नाही म्हणून 'मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही' असं मनात आणू नकोस.

तुझ्या मैत्रिणीला स्वस्तातला टॅबलेट घ्यायचाय ना? वॅकॉमचा आधार लिनक्सच्या कर्नलमध्येच असल्यामुळे तो बहुतेकदा जोडला की चालतो. ह्युऑन, एक्सपी-पेन, गाओमोन यांचीही पुष्कळ मॉडेल्स डिजिमेंड प्रकल्पातल्या लोकांच्या कष्टामुळे चालतात. ह्युऑन आणि एक्सपी-पेन आपले लिनक्स ड्रायव्हरही देतात, शिवाय ओपनटॅबलेटड्रायव्हर आहेच. पण एका वेळी एकच ड्रायव्हर ठेवायचा. दोन एकत्र आले की पॉइंटर उड्या मारतो नाहीतर प्रेशरच गायब होतं. विकत घेण्याआधी तिला नेमका मॉडेल नंबर विचारायला सांग. ओळखीत कुणाकडे तोच टॅबलेट असेल तर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून तिथेच रेघा ओढून बघा. त्याने त्यांच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल होत नाही.

एक गोष्ट लपवणार नाही. फोटोशॉप आणि क्लिप स्टुडिओ यांच्या लिनक्ससाठी आवृत्त्या नाहीत. कुणी पीएसडी फाइलच मागितली तर क्रिटा ती उघडतं आणि बनवूनही देतं, पण लेयरवरचे इफेक्ट आणि अक्षरं नेहमी जशीच्या तशी उतरत नाहीत. म्हणून काम घेतानाच विचारून घे. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मिळालं तर छापखान्याकडून त्यांचं कलर प्रोफाइल माग आणि फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये कर. शीर्षकाची अक्षरं इंकस्केपमध्ये मांड, तिथे जोडाक्षरं नीट बसतात.

आणि ही साधनं हौशी लोकांपुरती आहेत असं कुणी म्हणालं तर डेव्हिड रेव्हॉय या फ्रेंच चित्रकाराचं काम दाखव. 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा तो 2014 पासून मुक्त सॉफ्टवेअरवर करतोय आणि क्रिटाच्या मूळ फाइलीही सगळ्यांना देतो. एखादी उतरवून घे आणि लेयर एकेक करून बंद-चालू कर. त्याने कच्चं रेखाटन कुठे सोडलं, सावली कुठून धरली, सगळं दिसतं. इतकं उघडं करून शिकवणारा चित्रकार सहसा भेटत नाही.

क्रिटा तुला फुकट मिळालं, पण ते लिहिणाऱ्या काही प्रोग्रॅमरांचा पगार लोकांच्या देणग्यांतून होतो. चित्राचे पहिले पैसे हातात आले की त्यातले थोडे त्यांना पाठव.