शॉपचं मॉडेल करणाऱ्या पोरीला

पोरी, आपल्या फॅब्रिकेशन शॉपचं सिम्युलेशन करायला घेतलंस, फार बरं केलंस. फक्त कॉम्प्युटर उघडण्याआधी चार दिवस शॉपमध्ये उभी राहा. कामाचा वेळ वेगळा लिही, थांबण्याचा वेगळा. कॉलमचं फिटअप झालेलं असतं, टॅक मारलेले असतात, पण तो उलटवायला क्रेन मोकळी नसते. वेल्डर होल्डर खाली ठेवून बसतो आणि रजिस्टरमध्ये तो सगळा वेळ वेल्डिंगच्या नावावर चढतो. म्हणून मॉडेलमध्ये क्रेन स्वतंत्र घाल. काम बहुतेक वेळा तिथेच अडतं.

टनावर वेळ धरू नकोस. बिल टनावर निघतं, कामाचं तसं नाही. टनभराचा सरळ बीम दोन्ही टोकांना भोकं पाडली की सुटतो. तेवढ्याच वजनाचं जिन्याचं आणि ब्रेसिंगचं बारीक सामान फिटरचे दिवस खातं. नगाला किती क्लीट, गसेट, स्टिफनर जोडायचे आणि किती मीटर वेल्ड आहे, त्यावर वेळ बांध.

सरासरीवर तर मुळीच जाऊ नकोस. एकच मशीन आहे, नग कधीही येतात आणि प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागतो, असं धर. रांगेच्या साध्या गणिताने मशीन 80 टक्के गुंतलेलं असेल तर नग सरासरी कामाच्या 4 पट वेळ ताटकळतो, 90 टक्क्यांना 9 पट. ब्लास्टिंग मशीन क्षणभरही रिकामं नको, असं म्हणणाऱ्या साहेबांसमोर हे आकडे ठेव. ड्रॉइंगची रिव्हिजन, तपासणीत नापास होऊन परत आलेला जोड, हेही मॉडेलमध्ये यायलाच हवं.

डॅनियल हाल्पिन यांनी 1970 च्या दशकात बांधकामाच्या सिम्युलेशनसाठी ‘सायक्लोन’ पद्धत काढली. पुढे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने ‘सिम्फनी’ हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बनवलं आणि स्टील फॅब्रिकेशनवरही काम केलं. त्यांचे पेपर जरूर वाच. आकडे मात्र आपल्याच शॉपचे घे.

मॉडेल झालं की आधी एखादी संपलेली ऑर्डर त्यात घाल. डिस्पॅचच्या खऱ्या तारखांशी मेळ बसला तरच पुढे जा. मग एका वेळी एकच गोष्ट बदल आणि प्रत्येक बदल शंभरेकदा पळव. एका रनवर साहेबांना शब्द देऊ नकोस.

आणि निकाल मालकाच्या केबिनमध्ये नेण्याआधी फिटरला आणि क्रेन ऑपरेटरला दाखव. ‘असं होत नाही, ताई’ असं ते म्हणाले, तर मॉडेल दुरुस्त करायला बस.