यंत्राची कुरकुर

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव मराठी वाचकास अगदीच परके नाही. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ उभारलेले छत्र येथेच आहे. या भागात खरा पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येकडून. त्या दिवसांत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलेच राहतात. समजा, येथील एका स्त्रीने धुलाईच्या व्यवसायासाठी कपडे वाळविण्याचे जुने यंत्र, म्हणजे ड्रायर, घेतले आहे आणि ऐन पावसात ते आवाज करू लागले आहे. मिस्त्री तंजावरहून यायचा. ‘यंत्र आवाज करते’ एवढेच ऐकून कोणता भाग बरोबर न्यावा, हे त्यास कसे कळावे? फेरी वाया गेली तर काम बुडते आणि गिऱ्हाईक तुटते.

येथे मराठीचे एक धन उपयोगी पडते. आपल्या व्याकरणात ज्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, ते आवाजाचे नुसते नाव सांगत नाहीत. त्याची जातही सांगतात. किरकिर बारीक व सतत असते, खडखड सुट्या वस्तूची असते, घरघर जड फिरत्या वस्तूची असते. करकर म्हटले की काहीतरी घासत आहे, हे ऐकणाऱ्यास आपोआप कळते. तमिळ भाषेतही अशा जोडशब्दांची मोठी संपत्ती असून व्याकरणकार त्यांस ‘इरट्टैक्किळवि’ म्हणतात. वाहत्या पाण्यास तमिळ माणूस ‘सलसल’ म्हणतो. आपण खळखळ म्हणतो.

आता यंत्राच्या पोटात पाहू. कपड्यांचा ड्रम लहान रबरी रोलरांवर टेकलेला असतो. त्याच्याभोवती एक लांब पट्टा असून मोटर त्या पट्ट्याने ड्रम फिरविते. पट्टा ताणून धरण्यास एक छोटी पुली असते. गरम हवा खेचण्यास पंखा असतो. म्हातारपणी झिजतात ती प्रामुख्याने हीच मंडळी.

पुलीचे किंवा रोलरचे वंगण सुकले की किरकिर सुरू होते. ड्रमच्या कडेचा नमदा झिजून पत्रा पत्र्यास लागला, किंवा फटीत एखादे नाणे अडकले, तर करकर होते. पंख्यात बटण शिरले अथवा पंखा सैल झाला, तर खडखड होते.

ठोक्यांचा प्रश्न मात्र गणिताने सुटतो. ड्रम मिनिटास ५० वेळा फिरतो असे धरले, तर ड्रमवरील किंवा पट्ट्याच्या सांध्यातील दोष सुमारे सव्वा सेकंदास एकदा ऐकू येईल असे वाटते. पण यात पट्ट्यास वगळावे लागते, कारण पट्ट्याची लांबी ड्रमच्या परिघापेक्षा अधिक असल्याने त्याचा ठोका थोडा उशिरा पडतो. ड्रमचा व्यास ६० सेंटिमीटर आणि रोलरचा साडेसात असेल, तर ड्रमच्या एका फेऱ्यात रोलर आठ वेळा फिरतो, म्हणजे मिनिटास ४०० वेळा. त्याच्या रबरावर एक चपटा भाग पडला, तर सेकंदास सहा-सात ठोके बसतात, आणि कानास ती घरघर वाटते. बरेच दिवस बंद राहिलेल्या यंत्रात असा भाग पडतो. रबर तापल्यावर काही मिनिटांत आवाज निवळला, तर तातडीची चिंता नाही.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम रिकामे यंत्र चालवून ऐकावे. आवाज नाहीसा झाला, तर तो कपड्यांच्या बटणांचा किंवा ओझ्याचा होता. मग प्लग काढून ड्रम हाताने सावकाश फिरवावा. पट्टा उतरविण्याचे काम जाणकाराचे. तो उतरवूनही ड्रम हाताने फिरताना कुरकुरला, तर दोष रोलरांत किंवा नमद्यात आहे. शांतपणे फिरला, तर संशय मोटर, पुली आणि पंखा यांवर येतो. जळका वास येत असेल, तर परीक्षा करीत बसू नये, प्लग काढावा. कपड्यांतून झडलेल्या तंतूंचा कचरा आत साठतो आणि तो सहज पेट घेतो.

कान लावून आतले ओळखण्याची विद्या वैद्यांनीही जोपासली आहे. फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीस लावून आवाज ऐकला आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मास आला. त्याच सुमारास सरफोजी राजांनी नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह करवून ठेवल्या होत्या. यंत्राच्या बाबतीतही आवाज केव्हा येतो, किती वेळ टिकतो आणि कपडे असताना वाढतो की कमी होतो, हे कागदावर उतरवून ठेवणे सोयीचे.

पाठगत प्रश्न
१. ‘किरकिर’ व ‘खडखड’ या शब्दांतून आवाजाची कोणती लक्षणे कळतात?
२. घरघर यंत्र सुरू करताच येते आणि पाच मिनिटांत थांबते. यावरून कोणता अंदाज बांधता येईल?
३. पाठातील स्त्रीने मिस्त्रीस सांगावयाचा निरोप चार वाक्यांत लिहा. ‘आवाज’ हा शब्द त्यात एकदाच वापरा.