विमानाच्या पंख्याची निवड



मुंबईच्या कांदिवली भागांतील चारकोप येथें एका राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकानें सहा आसनांचें विमान बांधलें, ही हकीकत तुमच्यापैकीं पुष्कळांच्या कानीं आली असेल. तें विमान २०१६ सालीं 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली, आणि २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवरून तें आकाशांत गेलें. स्वतः विमान बांधणारापुढें जे अनेक प्रश्न उभे राहतात, त्यांपैकीं एकाचाच आपण येथें विचार करूं. तो प्रश्न असा कीं, लहानशा घरगुती विमानास पंखा कोणता निवडावा?

पंखा म्हणजे फिरता पंखच होय. राईट बंधूंनीं १९०३ सालच्या आपल्या विमानासाठीं हेंच तत्त्व धरिलें, व सुमारें साडेआठ फूट व्यासाचे दोन लाकडी पंखे स्वतः गणित करून घडविले. त्यांची कार्यक्षमता शेंकडा ७० हून अधिक होती, असें पुढील काळांतील चाचण्यांवरून दिसून आलें.

पंख्याचीं पातीं तिरपीं बसविलेलीं असतात. या तिरपेपणास आपण 'कल' म्हणूं. सुताराचा स्क्रू एका फेऱ्यांत लाकडांत कांहीं अंतर शिरतो, तसा पंखा हवेंत शिरतो. कल कमी असेल तर इंजिन हलकें फिरतें, विमान लवकर उठतें व चांगलें चढतें. परंतु सरळ मजल मारतांना इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊं पाहतात. कल अधिक असेल तर मजल वेगानें होते; परंतु उड्डाणाच्या वेळीं इंजिन दबतें व धावपट्टी अपुरी पडण्याचें भय असतें.

पंख्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला, अखंड पंखा. त्याचा कल घडवितांनाच कायमचा ठरतो. दुसरा, उड्डाणांत कल बदलणारा. हा उत्तम खरा, पण जड, महाग व गुंतागुंतीचा. तिसरा, जमिनीवर कल बदलतां येणारा. याचीं पातीं मधल्या तुंब्यांत बोल्टांनीं आवळलेलीं असतात, व इंजिन बंद असतां बोल्ट सैल करून तीं हव्या त्या अंशावर बसवितां येतात. घरगुती विमानास हा तिसरा विशेष सोयीचा. कारण असें कीं, हातानें बांधलेल्या विमानास हवेचा अडथळा नेमका किती होईल, हें तें उडेपर्यंत पुरतें कळत नाहीं. अखंड पंख्याचा अंदाज चुकला तर नवा पंखा घ्यावा लागतो. येथें केवळ पाना व कोनमापक पुरतात.

आतां गणित पाहूं. रोटॅक्स ९१२ जातीचें १०० अश्वशक्तीचें इंजिन मिनिटास जास्तींत जास्त ५८०० फेरे फिरतें. त्याच्या दंतचक्रांचें प्रमाण २.४३ असल्यानें पंखा सुमारें २३९० फेरे फिरतो. पंख्याचा व्यास ६८ इंच धरला तर पात्याचें टोंक सेकंदास सुमारें २१६ मीटर वेगानें जातें. तोच पंखा ३४०० फेऱ्यांच्या इंजिनास थेट जोडला, तर टोंकाचा वेग सुमारें ३०७ मीटर होईल. ध्वनीचा वेग सुमारें ३४० मीटर. टोंक त्याच्या इतकें जवळ गेलें कीं गोंगाट वाढतो व शक्ति वायां जाते. म्हणून अशा इंजिनास आंखूड पंखाच द्यावा लागतो.

आतां कल घ्या. केंद्रापासून टोंकापर्यंतच्या अंतराच्या तीनचतुर्थांशावर तो १६ अंश असेल, तर एका फेऱ्यांत पंखा सुमारें १.१७ मीटर पुढें जाईल, म्हणजे तासास सुमारें १६७ किलोमीटर. १५ अंश ठेवला तर हाच आंकडा सुमारें १५६ होतो. हवा लाकडासारखी घट्ट नसल्यानें प्रत्यक्ष वेग निराळा येतो. तथापि एका अंशाचें मोल किती, हें यावरून समजेल.

पातीं कशाचीं असावीं? लाकूड हलकें व कंपनें सोसणारें आहे. परंतु आपल्या भागांतील पावसाळ्यांत तें फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें, आणि त्याबरोबर बोल्टांची पकडहि बदलते. कार्बनचे अथवा काचेचे तंतु एपॉक्सी राळेंत बसवून केलेल्या संमिश्र पात्यांस हा दोष फारसा नाहीं. मात्र पावसाचे थेंब व खडे यांनीं त्यांची पुढची कड झिजते. म्हणून त्या कडेस धातूची पट्टी असलेलीं पातीं पसंत करावीं. पंखा फार जडहि नसावा. इंजिनाच्या दंतचक्रांस झेपेल तितकीच फिरती जडता कारखानदार ठरवून देतो, ती ओलांडूं नये. तसेंच पात्याचें टोंक व जमीन यांमध्यें पुरेसें अंतर राहावें. प्रमाणित विमानांत पुढें चाक असल्यास ७ इंच व शेपटाशीं चाक असल्यास ९ इंच हें किमान मानितात.

पंखा बसविल्यावर खरी परीक्षा सुरू होते. प्रथम प्रज्वलन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी. सर्व पात्यांचा कल अगदीं सारखा करावा; एक पातें वेगळ्या कलाचें राहिलें तर सारें विमान थरथरूं लागतें, व ती थरथर इंजिन ज्यावर बसविलें त्या सांगाड्यास तडे पाडूं शकते. बोल्ट टॉर्क-पान्यानें सांगितलेल्या मापानेंच आवळावे, व थोड्या उड्डाणानंतर पुन्हां तपासावे. वर सांगितलेल्या इंजिनांत, पूर्ण शक्तीनें सरळ उडतांना ५५०० ते ५८०० यांमध्यें फेरे आले, तर कल योग्य समजावा. प्रत्येक बदल एकेकच करावा व तारखेसह वहींत टिपून ठेवावा.

हवामानहि विसरूं नये. मे महिन्यांत वडशास पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां हवा १५ अंशांच्या हवेपेक्षां सुमारें एकदशांशानें विरळ असते. इंजिन, पंखा व पंख हीं तिन्ही तेव्हां उणीं पडतात. थंडीच्या सकाळीं पुरलेली धावपट्टी उन्हाळ्याच्या दुपारीं पुरेलच असें नाहीं.

पात्यास दगड लागला वा पंखा जमिनीस घासला, तर वरून कांहीं दिसलें नाहीं तरी आंतले थर सुटलेले असूं शकतात. बाजारांत मडकें जसें वाजवून घेतात, तसें पातें नाण्यानें हलकेंच वाजवून पाहतात. आवाज बद उमटला तर तें जाणत्याकडे तपासणीस पाठवावें. वाजवून ठीक वाटलें, एवढ्यानेंहि भागत नाहीं. जोराचा आघात झाला असेल तर तें कारखानदाराकडेच गेलें पाहिजे. येथें काटकसर करणारा आपलाच नव्हे, शेजारीं बसलेल्याचाहि जीव पणास लावतो.

तात्पर्य, सर्वोत्तम पंखा असा कोणताच नाहीं; अमुक इंजिनास, अमुक विमानास व अमुक हवेस योग्य असा पंखा असतो. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून हिशेब करणाऱ्या मनुष्याचा शुभवर्तमानांतील दृष्टांत तुम्हांस ठाऊकच आहे. कल बदलतां येणारा पंखा घेणें म्हणजे आपला हिशेब चुकूं शकतो हें आधींच मान्य करणें, व तो दुरुस्त करण्यास जागा ठेवणें. त्रिकोणमितीचा तास रुक्ष वाटेल, तेव्हां त्या एका अंशाची आठवण ठेवा.