पावसाळ्यात रिव्हॉल्व्हरला गंज

प्रश्न : वडिलांचं परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आता माझ्या नावावर आहे. रत्नागिरीत पावसाळाभर ते कपाटात बंद असतं. निळसर-काळ्या नळीवर तांबूस ठिपके दिसू लागलेत. काय करावं?

उत्तर : ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये असेल, तर आधी बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेले क्षार पोलाद खातात. नळीवरचं निळसर-काळं ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे. पोलादाच्याच अंगावर तयार केलेला मॅग्नेटाइटचा अतिशय पातळ, सच्छिद्र थर आहे. तेल धरून ठेवलं तरच तो राखण करतो.

सिलिंडरचं प्रत्येक घर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. ठिपक्यांवर बंदुकीचं तेल घालून काही तास मुरू द्या, मग मऊ सुती फडक्यानं हलकेच चोळा. पॉलिश पेपर अजिबात नको, गंजाबरोबर ब्लूइंगही निघून जाईल. नंतर नळीला आतूनबाहेरून तेलाचा पातळ हात फिरवा आणि उघड्या बोटांनी स्पर्श टाळा. घामातल्या मिठानं अंगठ्याचा ठसा रेषान् रेषेसकट गंजात उमटलेला मी पाहिला आहे.

कुलूपबंद कपाटात सिलिका जेल ठेवा; निळे दाणे गुलाबी झाले की बदला. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तपासा. बोटाला खड्डे लागत असतील, तर परवानाधारक कारागिरालाच दाखवा.