रेणूंचा काटा आणि रक्ताचें एक कोडें

बोट कापलें असतां थोड्याच वेळांत रक्त थिजतें व वाहणें थांबतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. या कामीं यकृतांत तयार होणारें प्रोथ्रॉम्बिन नांवाचें प्रथिन लागतें, आणि तें कार्यक्षम होण्यास ‘के’ जीवनसत्त्व अवश्य असतें. या जीवनसत्त्वाचें नेमकें कार्य कोणतें, हें कोडें मात्र पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें. तें कसें सुटलें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

कुजलेल्या स्वीट क्लोव्हर गवतांत डायक्युमॅरॉल नांवाचें द्रव्य असतें. तें ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यास अडथळा करतें. तें दिलेल्या गाईंच्या रक्तांतही प्रोथ्रॉम्बिन सांपडे; परंतु तें कॅल्शियमला धरून ठेवीत नसे, म्हणून निरुपयोगी ठरे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ होय. चांगली व निकामी अशा दोन्ही माळा आम्लांत उकळून मणी मोजावे, तर मोजदाद सारखीच भरे! मग भेद कोठें?

१९७४ सालीं स्वीडनमधील योहान स्टेन्फ्लो व त्यांचे सहकारी यांनीं माळेचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, वेगळे करून ते मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रानें तपासले. या यंत्रांत रेणूंना विद्युद्भार देऊन चुंबकाच्या क्षेत्रांतून सोडतात. खळ्यांत उफणतांना हलकें भूस दूर जातें व जड दाणे जवळ पडतात; तद्वत् येथें हलके कण अधिक वळतात, जड कमी. त्यावरून वजन कळतें. रेणू फुटून झालेल्या तुकड्यांच्या वजनांवरून मण्यांचा क्रमही लावतां येतो.

माळेंतील ग्लुटामिक आम्लाच्या मण्याचें वजन १२९ असावयाचें. येथें हिशेबानें तें १७३ ठरलें. म्हणजे ४४ अधिक! विद्यार्थ्यांनो, कार्बन १२ आणि ऑक्सिजन १६ दुणे ३२, मिळून ४४. ही कार्बन डायऑक्साइडची भर होय. ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्यानें शरीर ती घालतें. गाईच्या प्रोथ्रॉम्बिनांत असे १० मणी आहेत, व ते चिमट्याप्रमाणें कॅल्शियम धरतात. आम्लांत उकळतांच ही भर वायुरूपानें निघून जाई व साधा मणी मागें राही. परीक्षाच पुराव्याचा नाश करीत होती!

नवजात बालकाच्या शरीरांत ‘के’ जीवनसत्त्व अल्प असतें, म्हणून रक्तस्राव टळावा यासाठीं जन्मानंतर तें टोंचतात. वॉर्फरिन हें औषध हीच भर घालण्याचें काम मंदावतें. पालेभाज्यांत हें जीवनसत्त्व विपुल असल्यामुळें, तें औषध घेणाऱ्यांनीं त्यांचें प्रमाण एकाएकीं बदलूं नये, असें डॉक्टर सांगतात.

दोन वस्तूंचें उत्तर सारखें आलें म्हणून त्या सारख्याच, असें मानण्यापूर्वीं आपल्या रीतीनेंच कांहीं नाहींसें झालें नाहीं ना, हें प्रयोगशाळेंत प्रत्येकानें पाहावें.